भिंगऱ्यांची गोधडी

सात फूट लांब, पाच फूट रुंद. सहा इंची चौकोन, एका रांगेत 10, अशा 14 रांगा, म्हणजे 140 चौकोन. त्यांतले 70 साधे, प्रत्येक एकाच अखंड कापडाचा, आणि 70 भिंगरीचे. एका भिंगरीला आठ तिकोन लागतात, चार गडद आणि चार फिके. तेव्हा तिकोन झाले 560. ही सगळी जुळवाजुळव हाताने, सुईदोऱ्याने चालली आहे आणि ही गोधडीची फक्त वरची बाजू आहे. आतले थर, अस्तर, गोट आणि सगळ्यांतून फिरणारा धावदोरा हे नंतर. निम्म्याहून अधिक भिंगऱ्या तयार झाल्यात, वरच्या सहा रांगा एकमेकींना जोडून झाल्यात, आणि काम रोज थोडं पुढे जातं आहे.

मी धुळ्याला देवपुरात राहते, माहेर जळगावचं. दोन्ही घरांत गोधड्या होत्याच. आमच्याकडे गोधडी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे एकावर एक अंथरलेले थर आणि कडेपासून मध्याकडे चौकटी-चौकटीने जाणारा टाका. कापूस भरायचा तर पिंजाऱ्याकडे जायचं. ती गादी किंवा रजई. गोधडीत कापडावर कापडच असतं. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर येतो आणि मे महिन्यात जळगाव 45 च्या पुढे जातं. गोधडी दोन्ही वेळी लागते, हिवाळ्यात अंगावर आणि उन्हाळ्यात गच्चीवर अंगाखाली. वरच्या बाजूला घरातलं त्यातल्या त्यात धड लुगडं अखंड घालायचे. तुकडे जोडायचे ते लुगडं कमी पडलं तरच, किंवा बाळंतविड्यातल्या लहान गोधडीला. मुद्दाम नक्षी ठरवून, मापं घेऊन मोठ्या गोधडीची वरची बाजू जोडलेली मी लहानपणी आमच्या नात्यात पाहिली नव्हती.

पाहिली ती जळगावातच, पण सिंधी शेजारणीकडे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली बरीच कुटुंबं जळगावात स्थिरावली. आमच्या शेजारच्या आजींच्या पलंगावर एक रल्ली असायची. लाल, पांढरा, काळा आणि हळदीचा पिवळा. तिकोनाला तिकोन भिडवलेला, आणि त्यावर टाक्यांच्या इतक्या जवळजवळ रांगा की कापड कुठे संपतं नि दोरा कुठे सुरू होतो ते बोट फिरवून बघावं लागे. त्या सांगायच्या की हे सगळं जुन्या कपड्यांचंच आहे. मला ते खरं वाटत नसे. जुन्या कपड्यांतून इतकं रेखीव काही होऊ शकतं ही गोष्ट माझ्या मनात तेव्हा रुजली आणि निवृत्तीनंतर हाताला वेळ मिळाला तेव्हा वर आली.

पण मी सुरुवात नक्षीपासून केली नाही, कापडापासून केली. सासूबाईंची लोखंडी पेटी माळ्यावर होती. ती उतरवली तर आत सुती लुगडी, दोन धोतरं, एक पंचा, खणांचे तुकडे, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. माहेरून भावाने आईचं गाठोडं आणून दिलं. दोन्हीचं कापड मी ओसरीवर पसरलं आणि त्या दिवशी मला कळलं की आमच्या भागाचा कापडाचा सगळा इतिहास माझ्यासमोर पडला आहे. मालेगावची रंगीत लुगडी. बऱ्हाणपूरचं हिरवं, बारीक काठाचं. एक महेश्वरी, पदराशी विरलेलं. 1857 नंतर उत्तरेकडून निघालेले मोमीन विणकर मालेगाव, धुळे, बऱ्हाणपूर या पट्ट्यात येऊन वसले आणि त्यांच्या मागांवर विणलेलं लुगडं आमच्या बायाबापड्यांच्या अंगावर आलं. आईच्या गाठोड्यात मांजरपाटाचा एक ठाण होता, घडी न मोडलेला. माझे वडील जळगावच्या खान्देश मिलमध्ये होते. गिरणी बंद पडली, स्टेशनजवळच्या त्या जागेवर आता खान्देश सेंट्रल उभं आहे, आणि तिथल्या मांजरपाटाचे माझ्याकडे आता जे काही हात उरलेत तेवढेच. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, यांचं कापड कधीकाळी इथल्या घराघरात होतं. आज शोधायला गेलं तर ते दुकानात मिळत नाही, पेट्यांतच मिळतं.

आणि एक खादीचं उपरणं. माझे आजोबा यावल तालुक्यातले. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोसांनी बांबू वगैरे गावातल्याच साध्या सामानातून तिथली सजावट केली होती. आजोबा गावच्या पोरांबरोबर चालत गेले होते, खांद्यावर हे उपरणं टाकून. ते कापायला माझा हात धजेना. शेवटी आईच म्हणाली, "पेटीत ठेवून कोणाला दिसणार आहे? काप." त्याचे साधे चौकोन मी मधल्या रांगांसाठी राखून ठेवलेत.

कापड जुनं असलं की ते आधी तपासावं लागतं. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसण्याची जागा आणि कासोट्याचा भाग आधी जातो. निऱ्यांच्या आत राहिलेलं कापड मात्र कितीतरी वर्षांनंतरही दणकट असतं. मी एकेक लुगडं खिडकीत उन्हासमोर धरते. जिथून उजेड ठिपक्यांसारखा येतो तो भाग आतल्या थरांना, जिथून एकसारखा मंद येतो तो वरच्या बाजूला. मग साध्या पाण्यात भिजवणं, गडद कापडं वेगळी, आणि पाण्यात रंग उतरतो का ते पांढऱ्या फडक्याने बघणं. जुन्या सुताचा रंग बहुधा जायचा तेवढा गेलेला असतो, हा त्याचा मोठा गुण. नव्या लाल कापडाने शेजारचे चौकोन गुलाबी केलेली गोधडी मी एका ओळखीच्या घरी पाहिली आहे, म्हणून नवं कापड यात अजिबात घेतलेलं नाही.

आता मापाचं सांगते, कारण या कामाचा सगळा जीव मापात आहे. शिंपी इंचाचे आठ सूत धरतात. माझा दाब, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, दोन सूत. भिंगरीतला एक छोटा चौकोन शिवून झाल्यावर तीन इंचाचा राहायला हवा. त्यासाठी कापड कापायचं तीन इंच सात सुताचं, आणि ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापलं की दोन तिकोन मिळतात. एक गडद, एक फिका असे दोन तिकोन लांब बाजूने जोडले की छोटा चौकोन. असे चार जोडले की भिंगरी. साधा चौकोन कापायचा सहा इंच चार सुताचा. एका रांगेत पाच भिंगऱ्या आणि पाच साधे चौकोन येतात, चौकोनांमधल्या नऊ आणि भिंगऱ्यांच्या आतल्या पाच धरून आडव्या ओळीत 14 शिवणी. प्रत्येक शिवणीत टाका अर्धाच सूत आत गेला, तरी दोन्हीकडच्या कापडाचा मिळून एक सूत जातो, आणि रांग संपेपर्यंत पावणेदोन इंच कमी होतात. मग ती रांग शेजारच्या रांगेला भिडत नाही. म्हणून नुसत्या नजरेवर काहीच सोडत नाही. प्रत्येक तिकोनाच्या उलट बाजूला पेन्सिलीने शिवणीची रेघ आखलेली असते आणि टाका रेघेवरच पडतो.

साचा आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा होता. पुठ्ठ्याचे कोपरे झिजतात आणि माप हळूहळू बदलत जातं. आता जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा आहे. ती झिजत नाही, आणि आरपार दिसत असल्याने कापडावरचं फूल किंवा काठ नेमका कुठे बसेल तेही कळतं.

तिकोनाची लांब बाजू उरेब येते, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपी. उरेब कापड ओढलं की वाढतं आणि वाढलं की परत येत नाही. तिथे टाका घालताना कापड चिमटीत धरायचं, ताणायचं नाही. इस्त्रीही घासायची नाही, वरून ठेवायची आणि उचलायची. हाताने शिवण्याचं कारणही कापडाचा हा नाजूकपणाच आहे. मशीन माझ्याकडे आहे, पण मशीनचे दात जुन्या पातळ कापडाला पुढे ढकलताना चुरगाळतात, कधी फाडतात. हाताच्या टाक्याला कापडाची ताकद कळते. जिथे फारच तलम आहे तिथे मी मागून जुन्या धोतराचा तुकडा कच्च्या टाक्यांनी लावते आणि मग दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवते.

सगळ्यात अवघड जागा भिंगरीचा मध्य. तिथे आठ टोकं एका बिंदूवर येतात आणि मागे कापडाची गाठ जमते. ती तशीच राहिली तर धावदोऱ्याच्या वेळी सुई तिथे मोडते. त्यावर उपाय असा की मध्याच्या शिवणीतले दाबाच्या भागातले एक-दोन टाके उसवायचे आणि चारही दाब एकाच दिशेने फिरवून बसवायचे. गाठ सपाट होते, आणि मागच्या बाजूला बोराएवढी एक छोटी भिंगरी उमटते. गोधडी पूर्ण झाल्यावर ती कोणाला दिसणार नाही. मला ती फार आवडते.

मांडणी ठरवताना मोबाइलचा उपयोग होतो. चौकोन पलंगावर मांडायचे आणि रंग काढून टाकलेला, नुसता काळा-पांढरा फोटो घ्यायचा. रंग डोळ्याला भुलवतो. लाल आणि हिरवं वेगळं दिसतं, पण दोन्ही सारखेच गडद असले तर भिंगरी फिरत नाही, तिचे पंख एकमेकांत बुडून जातात. काळ्या-पांढऱ्या फोटोत ते लगेच समजतं.

रोज एक भिंगरी, हा माझा नेम. त्याची तयारी आदल्या रात्री होते. आठ तिकोन निवडून, जोड्या लावून, पितळी डब्यात ठेवायचे. नातू सकाळी शाळेत जाण्याआधी चार सुयांत दोरे ओवून उशीत टोचून ठेवतो. माझ्या डोळ्यांना आता ते बारीक काम जड जातं आणि त्याला ते खेळासारखं वाटतं. दुपारची जेवणं आटोपली की चहाच्या वेळेपर्यंत शिवण. उन्हाळ्यात ही वेळ पहाटेवर जाते, कारण दुपारी बोटांना घाम येतो, सुई गंजते आणि फिक्या कापडावर डाग पडतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास पापड-कुरडयांनी गच्ची आणि हात दोन्ही अडकतात, श्रावणात कानबाईच्या रोटांचे दिवस येतात, तेव्हा नेम मोडतो. पण त्या दिवसांतही मी तिकोन आखून ठेवते. उद्याचे आठ तिकोन डब्यात तयार असले की काम थांबत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. समोर 560 तिकोन ठेवून बसलं तर कोणाचंही मन मागे सरेल.

तरीही भिंगरीला वेळ लागतो तो शिवण्यात कमी आणि ऐकण्यात जास्त. सासूबाई नव्वदीकडे झुकल्यात. त्यांचं माहेर दोंडाईच्याकडचं, बोलणं अहिराणी. मी शिवत असते तेव्हा त्या शेजारी बाजेवर बसतात आणि डब्यातला एखादा तिकोन उचलून उजेडात धरतात. "हाई मनी नणदनं लुगडं शे." मग नणंदेचं लग्न, त्या साली पडलेला दुष्काळ, वऱ्हाड बैलगाड्यांनी कसं गेलं, हे सगळं येतं. हिरवं बऱ्हाणपुरी सासऱ्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेलं. बैल बघायला गेले होते, बैल काही जमला नाही, लुगडं घेऊन आले. एक लालसर लुगडं आहे, ते नेसून त्या मिरच्यांची देठं खुडायला जायच्या. मी ते कितीदाही धुतलं तरी त्या ते पुन्हा पुन्हा नाकाशी धरतात. एका जांभळ्या काठापाशी त्या गप्प होतात. तो कोणाचा हे मी दोनदा विचारलं, आता विचारत नाही. तो तुकडा मी त्यांना विचारूनच एका कोपऱ्यात लावला.

हे सगळं मी एका वहीत लिहिते. भिंगरीचा रांगेतला क्रमांक, त्यात कोणाकोणाचं कापड, कुठून आलेलं, आणि सासूबाईंनी किंवा आईने सांगितलेली हकिकत. सुरुवातीला मी फक्त मापं लिहीत होते. पण लवकरच लक्षात आलं की कापड ओळखू शकणाऱ्या दोनच बायका आता उरल्यात, एक धुळ्याला आणि एक जळगावला. त्यांच्या मागे ही लुगडी नुसती जुनी कापडं होतील. म्हणून जळगावला जाताना पारोळा-एरंडोल मार्गे जाणाऱ्या एसटीत माझ्या पिशवीत तिकोनांचा डबा असतोच. आईसमोर आईकडच्या कापडाच्या भिंगऱ्या, इथे इकडच्या. कामाची गती मी मुद्दाम या दोघींच्या बोलण्याच्या गतीला बांधली आहे. लवकर संपवायचं असतं तर दिरांनी सुरतेहून पाठवलेले कापडाचे तुकडे होतेच. आमच्याकडची कितीतरी माणसं उधना-लिंबायतला पोटासाठी गेली, तिथून घरी येताना कटपीसचं गाठोडं आणतात. चमकदार असतात ते, फाटत नाहीत, विरत नाहीत. पण सिंथेटिक कापडात सुई घसरते, दाब बसत नाही, घाम टिपत नाही, आणि पावसाळ्यात त्याची गोधडी अंगाला चिकटते. दिरांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या पिशव्या शिवल्या, गोधडीत घातले नाहीत.

जुन्या कपड्यांत माणसं जपणाऱ्या बाया दुसरीकडेही आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. गुलामीत राबलेल्या माणसांच्या वंशजांची. तिथल्या काळ्या बायकांनी शेतातल्या कामाच्या फाटक्या कपड्यांतून जोडलेल्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. त्यांतली एक मिसुरी पेटवे या बाईने 1942 मध्ये केलेली. नवरा गेला, तेव्हा तिने त्याच्या कामाचे कपडे काढले आणि त्यांचीच गोधडी केली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. मी त्या गोधडीचा फोटो पाहिला आहे. निळं-राखाडी विटलेलं कापड, गुडघ्यापाशी झिजलेल्या जागा तशाच दिसतात. सासूबाईंना दाखवला तर त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं की ती बाई शेतकरी होती का. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

आजकाल बाजारात तुकडे जोडल्यासारखी दिसणारी चादर मिळते. आग्रा रोडवरच्या दुकानांत ढिगाने आहे. जवळ जाऊन बघितलं तर जोड कुठेच नसतो, अखंड कापडावर तुकड्यांचं चित्र छापलेलं असतं. स्वस्त आहे, धुवायला सोपी आहे, लोकांनी घ्यावी. पण तिला गोधडीच्या नावाने विकतात ते मला पटत नाही. जोडाचं चित्र म्हणजे जोड नव्हे. बचत गटातल्या आमच्या ओळखीच्या बाया खरी जोडलेली गोधडी घेऊन प्रदर्शनात बसतात, आणि गिऱ्हाईक त्या छापील चादरीचा भाव सांगून घासाघीस करतं. एका गोधडीमागे किती दुपारी गेल्या हे त्या बाईला विचारा आणि मग भाव करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझ्या हिशोबाने येत्या थंडीपर्यंत सगळ्या भिंगऱ्या आणि रांगा जोडून व्हाव्यात. अस्तराला वडिलांच्या गिरणीचा मांजरपाट ठेवला आहे.

वाचणाऱ्या बहिणींना एक विनंती आहे. दारावर बोहारीण आली की तिला नायलॉनच्या साड्या खुशाल द्या, तिचाही संसार त्यावर चालतो. पण सुती लुगडं, धोतर, उपरणं पेटीत असेल तर ते तेवढं बाजूला काढा. घरात जी कोणी वडीलधारी बाई असेल तिच्यासमोर पसरा आणि विचारा की हे कोणाचं, कुठून आणलं, काय होतं त्या साली. ती सांगेल ते कापडाच्या पट्टीवर बॉलपेनने लिहा आणि ती पट्टी त्या लुगड्याला टाचून ठेवा. शिवायला सवड पुढे कधीही मिळेल. सांगणारी बाई आत्ता आहे, तेव्हा हे या आठवड्यातच करा.